देवघरातली सायकल

॥ श्री ॥

तुळजापूर
१४ जून १९५९

ती. सौ. अक्कास,
प्रेमलाचे कृ. सा. न. वि. वि.

सायकल पोचली. हमालानं मोटारीच्या टपावरून उतरवली तेव्हा चार माणसं जमली आणि बाईमाणसाची सायकल वेगळी कुठं असते ते वाकून वाकून बघू लागली. नीलाची सायकल मला मिळाली याचा आनंद आहे. पण माकणीला तिच्या सासरी सुनेनं सायकलवर बसणं चालत नाही म्हणून ती मिळाली, हे मनातून जात नाही. पोरीला सांग, मावशी जपून चालवते.

वाडीची शाळा इथून चार मैल. साडेसातची घंटा चुकली की उशीर. शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी हिवाळ्यात एक शेरा मारलाच आहे. असे तीन झाले की मला कायम करणार नाहीत, थेट लांबच्या ईट गावी बदली. आणि बदली झाली तर राजीनामा द्यायचा, हे आमच्या घरी आधीच ठरलंय. कोणी ठरवलं ते विचारू नकोस. सायकलवर मी पाऊण तासाच्या आत पोचते, त्यामुळं आता धास्ती नाही.

आता गंमत ऐक. शेजारच्या शरणबसप्पांची सायकल ओसरीतून चोरीला गेली, आणि ह्यांनी आमच्या सायकलीचा बंदोबस्त हाती घेतला. कचेरीत बावीस वर्षं जप्तीचा माल राखलेला माणूस! बैलाची साखळी आणून सायकल खांबाला जखडली. रोज संध्याकाळी चाकांतली हवा सोडतात, पंप ज्वारीच्या कणगीत पुरतात आणि घंटी काढून उशाखाली घेतात. कूस बदलली की घंटी वाजते आणि हेच दचकून उठतात. सकाळी सायकल पुन्हा जोडून रस्त्याला लावेपर्यंत माझी वीस मिनिटं जातात. चोराला तेवढा वेळ नसतो, असं ह्यांचं म्हणणं. मलाही नसतो, हे कोण सांगणार?

भावजींना नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी
प्रेमला

॥ श्री ॥

जळकोट
२० जून १९५९

चि. सौ. प्रेमलास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. घंटीपाशी आले आणि ह्यांना हसून हसून ठसका लागला. मग म्हणाले, दत्तोपंतांना लिही, सायकल परत जळकोटला पाठवा. तुळजापुरातून चोरीला जायची नाही आणि प्रेमलाही पायी जाईल, म्हणजे दोन्ही कामं एकदम साधली. मी त्यांना गप्प केलं, पण हसू माझंही थांबेना.

थट्टा राहू दे. एका शेऱ्यावर दुसरा पडू देऊ नकोस. चूल आवरून तू पहाटे पुस्तकं घेऊन बसायचीस, ते मी बघितलंय. दत्तोपंत माणूस वाईट नाहीत. हातात आलेली वस्तू सोडवत नाही त्यांना, एवढंच. पंप मात्र कणगीतून बाहेर काढ. ज्वारीत किडे होतील.

इकडं सगळे खुशाल. जिवाला जप, ममता आहेच.

तुझी
अक्का

॥ श्री ॥

तुळजापूर
९ जुलै १९५९

ती. सौ. अक्कास,
प्रेमलाचे कृ. सा. न. वि. वि.

पंप कणगीतून निघाला, पण सायकल देवघरात गेली. ह्यांना एके दिवशी पूजा करताना सुचलं, की चोर झाला तरी देवाच्या खोलीत शिरायला कचरेल. साखळीपेक्षा देवाचा धाक मोठा. तेव्हापासून ती समईशेजारी उभी असते. मडगार्डला रोज हळदीकुंकू. परवा शेजारच्या पार्वतम्मा वाती द्यायला आल्या, त्यांनी आधी सायकलीला हात जोडले आणि मग देवीला.

संध्याकाळी शाळेतून आले की चाकं धुवायची, ह्यांनी गोमूत्र शिंपडायचं, मग ती आत. सकाळी सोवळ्यानं हेच बाहेर काढून देणार. तेही सोसलं. पण सोमवारी मी बाहेर बसले होते. देवघरात पाऊल टाकणं नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही काढून द्या. तर म्हणाले, देईन. पण तू शिवलीस की सायकल बाटली, मग ती परत देवाजवळ ठेवायची कशी? चार दिवस पायी गेलीस तर पाय झिजणार नाहीत. शाळेला मात्र विटाळ लागत नाही, हा निर्णय त्यांनी मागंच दिलेला आहे.

त्या दिवसांत घरात दुसरं बाईमाणूस नाही. ह्यांची पूजा आटोपेपर्यंत मला वरून पाणी घालायला कोणी नाही, तोंडात घालायला काही नाही. निघायला साडेसहा झाले. अक्का, मी पळाले गं. चपला हातात घेऊन पळाले. पोचले तर दिपोटीसाहेब खुर्चीत बसलेले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं. दुसरा शेरा.

परत येताना रानातून कडूबाईनं हाक मारली. तिची दोन पोरं माझ्या वर्गात आहेत. म्हणाली, बाई, सायकल दिसंना, इकली का काय? मी सांगितलं, देवघरात आहे. ती खुरपं टाकून बघतच राहिली. मग म्हणाली, आमच्यात देवाला पितळेचा नंदी वाहत्यात, तुमच्यात सायकल वाहत्यात व्हय? मी हसले, आणि पुढं ओढ्यापाशी जाऊन रडले.

दिपोटीसाहेब तीन ऑगस्टला पुन्हा येणार. मी बोटांवर दिवस मोजले. नेमके तेच.

भावजींना नमस्कार. राग न धरता पत्र लिही.

तुझी
प्रेमला

॥ श्री ॥

जळकोट
१५ जुलै १९५९

चि. सौ. प्रेमलास,
अनेक उ. आ.

ह्या खेपेला ह्यांना पत्र वाचून दाखवलं नाही.

नीलाची सायकल तिच्या सासरच्यांनी अडवली, म्हणून मी ती तुझ्याकडं पाठवली. तुझ्याकडं तिला देव करून बसवायची असेल तर तसं कळव, मी मोटारीनं परत मागवते. इथं निदान कोंबड्या तरी तिच्यावर बसतील.

चोरानं सायकल नेली असती तर तू काय केलं असतंस? पायीच गेली असतीस ना? मग दत्तोपंतांनी ती राखून तुला काय मिळालं, ते मला समजावून सांग. मी म्हातारी होत चालले, मला कळत नाही.

तीन तारखेला काय करायचं ते मी सांगणार नाही. आईच्या मागं तुला मी वाढवलं, सगळं सांगून सांगून वाढवलं, म्हणूनच तू विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीस, असं हल्ली वाटतं.

माया कमी व्हायची नाही, काहीही केलंस तरी.

तुझी
अक्का

॥ श्री ॥

तुळजापूर
२ सप्टेंबर १९५९

ती. सौ. अक्कास,
प्रेमलाचे कृ. सा. न. वि. वि.

दीड महिना पत्र नाही. तुझ्या पत्राला उत्तर करून दाखवावं आणि मगच लिहावं, असं मनाशी होतं.

तीन ऑगस्टला पहाटे हे विहिरीवर अंघोळीला गेले. मी घोंगडीवरून उठले आणि देवघरात गेले. देवीकडं बघायचं धाडस झालं नाही, सायकलीकडंच बघत गेले. हँडल समईला लागलं, तेल सांडलं. उंबऱ्यावरून चाक उतरवते तो हे ओल्या सोवळ्यात समोर उभे! हातात कळशी. चोराला धरायला दोन महिने तयारीत असलेला माणूस, अक्का. पण मला अडवायचं तर मला शिवावं लागतं, नाहीतर सायकलीला. पुन्हा अंघोळ, पुन्हा सोवळं. हे दोन पावलं मागं सरले, मग आणखी दोन. मला हवी तेवढी वाट झाली. मी निघाले.

घाम पुसून शाळेच्या दारात उभी राहिले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तोंड धुवायला कडूबाईनं तांब्याभर पाणी दिलं. दिपोटीसाहेब माझ्यानंतर आले.

संध्याकाळी घरी देव पंचगव्यानं धुऊन झाले होते, देवघर सारवून झालं होतं. हे दारात उभं राहून म्हणाले, ही आता आत येणार नाही. सायकल का मी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सायकल अंगणात लावली आणि ओसरीवर बसले. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं आणि बोलणं सुरू झालं.

गेल्या आठवड्यात मी कायम झाल्याचा हुकूम आला. ह्यांनी कचेरीत पेढे वाटले. शरणबसप्पांना सांगत होते, आमच्या घरी सायकलीचा बंदोबस्त चोख, म्हणून बाई वेळेवर पोचल्या. मी आत ऐकत होते. रागवावं असं ठरवलं, पण जमलं नाही.

परवा पुन्हा बाहेर बसले. पावसापाण्याची सायकल कुठं ठेवायची, यावर ह्यांनी त्याआधी दोन दिवस विचार केला आणि ओसरीतला माझा कोपराच तिला नेमून दिला. बाटलेलं सगळं एका जागी. माझ्या घोंगडीशेजारी भिंतीला टेकून ती उभी होती. साखळी नाही, कुलूप नाही, चाकांत हवा गच्च. हे ये-जा करताना हातभर लांबून जायचे. इतकी निर्धास्त ती देवघरातसुद्धा नव्हती. सकाळी उजाडायच्या सुमाराला आम्ही दोघी उठलो आणि निघालो, कोणी हात लावला नाही.

नीलाला हे पत्र दाखव. भावजींनाही दाखव, हसले तर हसू दे. लोभ करतेस तसा करत राहा.

तुझी
प्रेमला