घरचा मामला

१३ जानेवारी
तपासणीचा अहवाल आला. वाईट! गाड्या, शस्त्रं, मुद्देमाल ठीक आहे सगळं. पण एक शेरा झोंबणारा— ठाण्यात आलेल्या बायकांची तक्रार लिहूनच घेत नाहीत, समजूत घालून परत पाठवतात. एसपी साहेब म्हणाले, "वल्लरी, हे ठाणं तुमच्या विभागात. मार्चमध्ये फेरतपासणी. तोवर सुधारून दाखवा."
सुधारून दाखवा! जणू भिंतीला चुना मारायचाय.

१५ जानेवारी
न कळवता सकाळीच ठाण्यात जाऊन बसले. तक्रारीच्या टेबलावर रूपराव हवालदार. निवृत्तीला आलेले, गावभर मान. एक बाई आली— प्रेरणा. कडेवर पोर, ओठ फुटलेला. रूपरावांनी पाणी दिलं, चहा मागवला, पोराच्या हातात बिस्किट ठेवलं. इतक्या मायेनं बोलत होते की मी क्षणभर विसरलेच आपण कशाला आलोय ते. मग म्हणाले, "बाई, घरचा मामला हाये. मी त्याले समजावतो. तू जाय घरी." मी उठून तिला थांबवलं. बस, तक्रार लिहून घेऊ म्हटलं. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ म्हनतात तं जातो." गेली!
मी रूपरावांना विचारलं, का नाही लिहिलं?
"मॅडम, कागदावर आलं का संसार मोडते. माह्या हातानं लय संसार टिकले. इचारा गावात."
अभिमानानं सांगत होते. दुष्ट माणूस असता तर किती सोपं होतं!

१६ जानेवारी
रूपरावांना टेबलावरून हलवलं, समन्स वाटायला दिले. "बरं मॅडम." एवढंच. टेबलावर आता इला— नवी शिपाई, पण ठाम. तिला प्रेरणाच्या घरी पाठवलं. प्रेरणानं दार अर्धंच उघडलं. "आता काई नाई सांगायचं." एकदा माघारी धाडलेल्या बायका हाकेवर परत येतात थोड्याच!

२ फेब्रुवारी
बायका येऊ लागल्यात. इला सगळं लिहून घेते. वरून फोन— "तुमच्याकडे गुन्हे एवढे वाढले कसे?" म्हटलं, साहेब, मारहाण आधीही होतीच, आता लिहितो. पलीकडून फोन बंद.

११ फेब्रुवारी
प्रेरणा सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती आहे. नवऱ्यानं कमरेत वखराचा दांडा घातला. त्याला पहाटेच उचललं. मी जबाबाला गेले— रूपरावांना मुद्दाम सोबत घेतलं. त्यांना दाखवायचं म्हणून? की शिक्षा म्हणून? थोडं दोन्हीही असेल.
खाटेशी तिची आई, यशोदाबाई. मला वाटलं, रूपरावांना पाहून अंगावर धावून जाईल. नाही. पदर सारखा करून म्हणाली, "भाऊ, ती तुमच्या शब्दावर घरी गेली होती."
रूपरावांनी टोपी काढली.
परतताना जामच्या फाट्यावर चालकानं चहासाठी गाडी थांबवली, रूपराव उतरलेच नाहीत. सीटवरूनच म्हणाले, "मॅडम, मी त्याले समजावलं होतं. खरंच समजावलं होतं."
मी त्यांचा चहा गाडीतच मागवला.

२४ फेब्रुवारी
प्रेरणा आज धरून धरून उभी राहिली म्हणे. इला सांगताना रडली. रूपराव रजेवर. कारण— "घरगुती".

५ मार्च
रूपराव कामावर आले. वाळलेत. टेबलावर परत बसायचं का, मीच विचारलं. इलाच्या हाताखाली, शिकत. मान हलवली. "नको मॅडम. मले अजून नाई जमायचं."

१८ मार्च
फेरतपासणी झाली. शेरा— समाधानकारक! एसपी साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पेढे वाटले. रूपरावांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.
घरी आले, पंख्याखाली नुसती बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता. सुटल्यासारखं तरी वाटायला हवं होतं.

१९ मार्च
सकाळी ठाण्याच्या फाटकाशी रूपराव. साधे कपडे. मोटरसायकलवर मागे डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी.
"माही सून, मॅडम. छाया. हिची तक्रार घ्या."
"तुम्ही पण आत या."
"मी आत आलो तं ती नाई बोलनार."
छाया बोलली. इला लिहीत होती, मी शेजारी. नवऱ्याचं नाव सांगितलं— सचिन. रूपरावांचा मुलगा. मग थांबली, पाणी प्यायली, आणि दुसरं नाव सांगितलं. सासऱ्याचं. ती ओरडायची तेव्हा ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.
मी बाहेर आले. ते उभेच होते.
"माहं नाव सांगतलं ना तिनं?"
"हो."
"बरं झालं," म्हणाले, आणि माझ्या पुढे होऊन स्वतःच आत चालू लागले.