लिंब तेवढा पाडावा लागेल

लातूर, २५ मे, रविवार

भूकंपानंतरच्या दिवसांत आम्ही दोघं अंगणातल्या लिंबाखाली बाजा टाकून झोपायचो. सकाळी अंगावरची पानं झटकत हे म्हणायचे, "उठा, आजही छत पडलं नाही."

आज छाटणी कामगारांच्या उजळणी वर्गात वृक्षकायद्याचा तास घेतला. जळकोटचा मारुती उठला. "मॅडम, झाड मालकाचं, अंगण मालकाचं. तोच म्हणला पाड, तर?"

"तर आधी त्याला परवानगी आणायला लाव."

"मग तो दुसरा माणूस बोलावतो की!" सगळे हसले. मीही.

घरी आले तर माझा सुहास नकाशा पसरून बसलेला. "आई, कोचिंगच्या पोरांसाठी अंगणात चांगल्या खोल्या निघतात. लिंब तेवढा पाडावा लागेल."

लिंब तेवढा. परवानगीचं बोलले, तर म्हणाला, "तुझी ओळख आहे की." मला राग का आला नाही, कळत नाही. 'तेवढा' मात्र डोक्यातून जात नाही.

उद्या वकिलांना मृत्युपत्र करायला सांगायचं. घर सुहासला. पाटल्या सुनेला. अंगण माझ्या लेकीला, मुखेडच्या नंदाला; लिंबाच्या फांद्या पोचतात तिथवर सगळं, कारण मुळं तिथवर असतातच. उरलेल्या पट्टीत सुहासनं हव्या तेवढ्या खोल्या बांधाव्यात.