आमच्यावर गोल होत नाहीत

अण्णा, काल आमची मोसमातली शेवटची मॅच झाली आणि ती शून्य-शून्य सुटली. तुमच्या हिशेबानं चांगला खेळ. आमच्यावर गोल झाला नाही. अख्ख्या मोसमात आमच्यावर इतके कमी गोल झाले की पहिल्या आलेल्या टीमलाही हेवा वाटावा, आणि तरी आम्ही वरच्या विभागातून खाली गेलो, कारण गोल न होऊ देणं आणि गोल करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी आम्हाला येत नाही. काल जिंकणं भाग होतं, बरोबरी काही कामाची नव्हती. कालपासून मला ह्या सगळ्याची इतकी शिसारी आली आहे की सकाळचा चहा मी मोरीत ओतून दिला. आज रविवार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

तुम्ही होतात तेव्हा मी शाळेत पीटी शिकवत होते, अजूनही तेच करते. संध्याकाळी एका क्लबच्या बायकांच्या फुटबॉल टीमला शिकवते, त्याला सहा वर्षं झाली. बायका म्हणजे वीस-पंचवीसच्या मुली. कुणी कॉलेजात आहे, कुणी कोरमंगल्याच्या हॉटेलात ऑर्डरी घेते, कुणी दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकते आणि मग मैदानावर येते. सगळ्या मला अक्का म्हणतात. तिथे सगळं कन्नडमध्ये चालतं. मराठी आता फक्त घरात, आणि घरात मी एकटी, म्हणजे ती बोलायची तर तुमच्याशीच.

क्लबचे सेक्रेटरी परवा विचारत होते, बचाव एवढा भक्कम आहे तर गोल का होत नाहीत, फॉरवर्ड बदलून बघा. मी मान डोलावली. मोसमात तीन फॉरवर्ड बदलून झाल्या होत्या. खरं कारण मला ठाऊक आहे, कारण ते मीच बसवलं आहे. बॉल समोरच्यांकडे गेला की आमच्या नऊ जणी धावत मागे येतात. विंगर आपल्या बॅकच्या शेजारी येऊन उभी राहते, हाफ गोलसमोरच्या स्टॉपरच्या पायात येते. बॉल हिसकावला जातो, अगदी सफाईनं, पण तो आमच्याच गोलपासून वीस पावलांवर. पुढे एकटी फॉरवर्ड आणि तिच्या अंगावर दोघी. तिला द्यायचा तर लांबून द्यायला हवा, म्हणजे चुकण्याची भीती आली. म्हणून बॅक शेजारणीला देते, शेजारीण स्टॉपरला, स्टॉपर गोलकीपरला, आणि गोलकीपर कंटाळून लांब लाथ मारते. समोरच्यांची स्टॉपर तो डोक्यानं परत पाठवते आणि आमच्या नऊ जणी पुन्हा मागे. कुणीतरी दिवसभर तेच भांडं घासत बसावं आणि चूल कुणी पेटवूच नये, तसा हा खेळ आहे. तो बघताना मला वीट येतो. लोक मला येऊन सांगतात की तुमच्या मुली शिस्तीच्या आहेत, तेव्हा तर जास्तच येतो.

हे सगळं मी तुमच्याकडून शिकले. बेळगावकडच्या गावातून तुम्हाला यशवंतपूरच्या कारखान्यात नोकरी लागली ती पायांमुळे, आणि कारखान्याच्या टीमचे स्टॉपर म्हणून तुम्ही अकरा वर्षं काढलीत. रविवारी दुपारी तुम्ही मॅचहून येता, मोरीत पाय धुता, आई ताट वाढते. मी निकाल विचारते. तुम्ही सांगता, एकच झाला आपल्यावर. आपण किती केले ते तुम्ही कधी आपणहून सांगत नाही. ते मला दुसऱ्या दिवशी क्वार्टर्समधल्या मुलांकडून कळतं. पुढे मी खेळायला लागले तेव्हाही तुमचा प्रश्न तोच राहिला, आपल्यावर किती झाले. मी दोन गोल करून आले त्या दिवशीसुद्धा.

तुमच्या टीमची एक पद्धत होती. ज्याच्या पायातून बॉल गेला आणि त्यावरून गोल झाला, त्यानं सगळ्यांच्या जर्सी घरी न्यायच्या आणि धुऊन आणायच्या. फॉरवर्डनं रिकाम्या गोलसमोरून बॉल आभाळात मारला तर लोक हसायचे, तेवढंच. त्याला जर्सी नाहीत. आणि जो माणूस वर्षानुवर्षं शेजाऱ्याला आणि मागच्याला पास देत राहिला, त्याच्या घरी ते गाठोडं कधीच गेलं नाही. तुमच्या सगळ्या टीमला ह्यातून काय शिकायला मिळालं असेल ते समजायला मला पन्नाशी गाठावी लागली. बॉल पुढे न्यायचाच नाही. न नेण्याची शिक्षा नाही.

आपल्या घरी ते गाठोडं एकदाच आलं. मी तेव्हा दहा वर्षांची. त्या दिवशी तुमच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तुम्ही बॉल घेऊन मधली रेषा ओलांडलीत. दोघांना चुकवलंत, तिसऱ्यानं काढून घेतला, आणि मागे तुमची जागा मोकळी होती. संध्याकाळी आई नळाखाली चौदा जर्सी धुते आहे, तांबडी माती काही निघत नाही, आणि तुम्ही पायरीवर पाठ फिरवून बसला आहात. आई म्हणाली, "दोघांना चुकवलंत म्हणे. मला बघायला मिळायला हवं होतं." तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. त्यानंतर तुम्ही ती रेषा पुन्हा कधी ओलांडली नाहीत. हे मला तुमच्या टीममधल्या एका काकांनी तुमच्या तेराव्याला सांगितलं, आणि ते कौतुकानं सांगत होते.

चार वर्षांनी तीच वेळ माझ्यावर आली. क्वार्टर्सच्या मैदानावर मी मुलांबरोबर खेळत होते. एकाला चुकवलं, दुसऱ्यानं बॉल काढला आणि आमच्यावर गोल झाला. तुम्ही कठड्याशी उभे होतात. सगळ्यांदेखत म्हणालात, "हौस फिटली? आता हा गोल फेडणार कोण?" मी फेडणार होते, अण्णा. वीस मिनिटं उरली होती. पण तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि घरी घेऊन आलात. त्या वर्षी वाढदिवसाला मी स्टडचे बूट मागितले होते, तुम्ही नडगीला बांधायचे शिनगार्ड आणलेत. लाथ कशी खायची ह्याची तयारी करून दिलीत, मारायची नाही. पण पंधरा दिवस मी ते उशाशी घेऊन झोपले होते हेही खरं आहे. तुमची आठवण आली की आधी राग येतो आणि त्याच्या पाठोपाठ असलं काहीतरी येतं, आणि मग धड रागही राहत नाही.

आता आमच्या दहा नंबरच्या मुलीचं सांगते. ती कोलारकडची. इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्किट जोडायच्या कंपनीत कंत्राटावर आहे आणि तिथेच एका पीजीत तिघींच्या खोलीत राहते. सरावाला यायला तिला बसनं दीड तास लागतो. बाकीच्यांना बॉल दिसतो, हिला मैदान दिसतं. पहिल्याच मोसमात तिनं दोघींच्या मधून असा पास दिला की आमची फॉरवर्डच दचकली, आणि तरी गोल झाला. मी बाकावरून उठून उभी राहिले होते. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. पुढच्या मॅचमध्ये तिनं तसाच पास दिला, तो कापला गेला आणि आमच्यावर गोल झाला.

मी तिला जर्सी दिल्या. होय, तुमची पद्धत मी उचलली होती, पहिल्या दिवसापासून. शिस्त लागते, टीम एक होते, असं मी सगळ्यांना सांगत असे. तिनं अठरा जर्सी पीजीतल्या एका बादलीत धुतल्या. उन्हाळ्याचे दिवस, टँकरचं पाणी, पीजीची मालकीण तिच्यावर खेकसली. त्या नीट वाळल्याच नाहीत आणि ती तो कुबट वासाचा भारा मांडीवर घेऊन बसमध्ये उभ्या लोकांची बोलणी खात आली. लागोपाठ चार वेळा असं झालं. त्यानंतरच्या मॅचपासून ती शेजारणीला पास द्यायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की आता स्वल्प शहाणी झालीस. ती म्हणाली, सरी अक्का, बरं अक्का. ते आठवलं की मला माझ्या हाताची किळस येते.

ह्या मोसमात तिचं मोठं काम अडकलं होतं. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून जागा निघणार होत्या. वरच्या विभागात सलग दोन मोसम खेळलेलं असावं अशी अट होती. आम्ही ह्याच मोसमात वर चढलो होतो, म्हणजे तिचा एक झालेला, पुढचा मोसम वरच मिळाला तर दुसरा होणार. तिच्या वडिलांनी गावाकडून कागद करून पाठवले होते आणि ते तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवलेही होते. कंत्राट सुटून कायमची नोकरी, बस एवढंच. त्यासाठी काल एक गोल हवा होता.

काल दुपारी शेवटची सात-आठ मिनिटं राहिली होती. समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि त्या सगळ्या पुढे आल्या. आमच्या मुलींनी तो नेहमीसारखा परतवला आणि बॉल मधल्या रेषेजवळ दहा नंबरच्या पायात आला. आमची डावी विंगर, मोसमात पहिल्यांदाच, कुणी न सांगता मधल्या रेषेकडे सुटली होती. हात वर करून धावत होती. तिच्यापुढे नुसती तांबडी माती आणि एकटी गोलकीपर. दहा नंबरनं मान वर केली. तिला ते दिसलं, हे मला दिसलं. तिनं पाय मागे घेतला. आणि मी ओरडले, "हिंदे!" मागे दे.

मी का ओरडले ते मला सांगता येत नाही. बरोबरी कामाची नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या मुली अजून आपापल्या जागेवर आल्या नव्हत्या, पास कापला गेला असता तर गोल झाला असता, आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी फक्त तो होणारा गोल होता. तिनं अंग वळवलं आणि बॉल स्टॉपरला दिला. विंगर आणखी थोडी धावली, मग थांबली आणि हात खाली केला. स्टॉपरनं गोलकीपरला दिला. मॅच संपली तेव्हा समोरच्या मुलीही टाळ्या वाजवत नव्हत्या.

सेक्रेटरी आले. मी त्यांना सांगितलं की मुलींच्या अंगात धाडसच नाही, मी तरी काय करणार. ते हो म्हणाले. नंतर मी बॅग आवरत होते तर दहा नंबर येऊन समोर उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "अक्का, मागे दे म्हणून तुम्हीच ओरडलात ना?"

मी म्हणाले, "मी कशाला सांगेन? आपल्याला जिंकायचं होतं. गोलकीपर ओरडली असेल."

तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "मग माझंच चुकलं, अक्का. मी तिचं ऐकायला नको होतं." आणि बसथांब्याकडे गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, ह्याची मला सगळ्यात जास्त घाण वाटते आहे. मुलींची नाही, सेक्रेटरींची नाही, त्या रटाळ खेळाचीसुद्धा नाही.

लिहायला बसले तेव्हा हे सगळं तुमच्या माथी मारायचा विचार होता. तुमचे ते प्रश्न, ते गाठोडं, कठड्याशी उभं राहून बोललात ते. बरंच मारूनही झालं. पण काल मैदानावर तुम्ही नव्हतात, अण्णा. आणि तुमच्या पायातून बॉल गेला तेव्हा तुम्ही गाठोडं स्वतः उचलून घरी आणलं होतंत, दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं नव्हतंत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मला ठाऊक आहे. तिच्या पीजीचा पत्ता माझ्याकडे आहे. रविवारी तिला सुट्टी असते, आणि इथून इलेक्ट्रॉनिक सिटीला बस बदलावीही लागत नाही. सकाळी नऊ वाजता मी चप्पल घातली होती. मग काढली, आणि तुम्हाला लिहायला बसले.