बाहुलीच्या लग्नाची राहिलेली पंगत

जालना,
वैशाखातला रविवार

प्रिय विहीणबाई,

पायलच्या हाती डबा पाठवते आहे. वर कुरडया आहेत, खाली शेवया आणि मधे हे पत्र. आत पत्र आहे हे तिला माहीत नाही, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, म्हणजे वाचतेस आणि ठेवून देतेस. आता तुझ्या शाळेला सुट्टी लागली, त्यामुळे पेपर तपासायचेत ही सबबही चालायची नाही. म्हणून म्हटलं, डब्यात घालून पाठवावं. तू माझ्यावर रुसशील, पण कुरडईवर रुसणं तुला आजवर जमलेलं नाही.

कल्याण आणि पायलचं आपल्याला कळलं तेव्हा मला वाटलं होतं, तू आधी मला फोन करशील आणि आपण दोघी पोट धरून हसू. माझा मुलगा आणि तुझी मुलगी एमआयडीसीतल्या एकाच बियाण्यांच्या कंपनीत लागले काय, ती परतूरहून गाडीने येते आणि हा स्टेशनवर मोटारसायकल घेऊन उभा राहतो काय, आणि आपल्याला मात्र वर्षभर पत्ता नाही. पण तू नाही म्हणालीस. कल्याणच्या मागे लागून मी तुझे शब्द काढून घेतले. तू पायलला म्हणालीस, "त्यांच्या पोरी माझ्या आईच्या डोळ्यांदेखत भरल्या ताटावरून उठवल्या. त्या घरी मी माझी पोरगी द्यायची न्हाई." ऐकून मला राग आला नाही, सुमे. स्वयंपाकघरात जाऊन मी बराच वेळ स्वच्छ डबेच पुन्हा पुसत बसले. तुझं खरं आहे. तेव्हा तुझ्याशी वाद घालायला मी लिहीत नाही. पण मी हटणारही नाही, आणि माझा हट्ट तुला बदनापूरच्या लहानपणापासून माहीत आहे.

आधी घरचं सांगते. माझ्या लेकीने, शीतलने, साक्षीला सुट्टीत माझ्याकडे सोडलं आहे. माझी नात आहे म्हणून सांगत नाही, पण पोर तल्लख आहे आणि तितकीच मोबाइलवेडी. पहिले काही दिवस मी पाहिलं आणि मग मोबाइल धान्याच्या कोठीत टाकला. तिने थयथयाट केला. मी म्हटलं, रड बाई, रडून झालं की गच्चीवर ये, चीक शिजतोय. वासाने आली. कुरडईचा गरम चीक, त्यात दूध आणि साखर, वाटी चाटून पुसून खाल्ली आणि पुन्हा वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाताना सापडली. त्यानंतर तिने मोबाइलचं नाव काढलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण दुपारभर तरी तिला त्याची आठवण येत नाही. सकाळी आम्ही शेवयांचं मशीन खाटेला आवळतो, साक्षी दांडा फिरवते, मी शेवया झेलते. माझी आई यंदा उन्हाळ्यासाठी इथेच आहे. ती खुर्चीत बसून काठीने कावळे हाकते आणि आमचं सगळं कसं चुकतंय ते सांगते. वय झालं तरी सगुणाबाईंचा आवाज खाली आलेला नाही.

दुपारी ऊन असं पडतं की बाहेर पाय ठेववत नाही. तेव्हा पडवीच्या सावलीत, फरशीवर पाणी मारून आम्ही बाहुल्या करतो. मीच काढलं हे खूळ. चिंध्या, घरातला कापूस, सुई आणि काळा दोरा एवढंच लागतं. माझी बोटं अजून विसरलेली नाहीत. साक्षीच्या बाहुलीचं डोकं मात्र भोपळ्याएवढं झालं आणि मानेला काही ते पेलेना. तिला पाहून मला तुझा बाहुला आठवला. तुला कधी टाका घालता आला नाही. तुझ्या बाहुल्याचा एक पाय कायम आखूड राहिला आणि तू सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस की तो लढाईत जखमी झालाय.

साक्षीने विचारलं, तुझ्या बाहुलीचं लग्न झालं होतं का. मग मी सांगायला बसले, आणि सांगता सांगता मीच तिथे जाऊन पोचले. देवळामागे आमचं मराठ्यांचं घर, विहारापाशी तुमचं बौद्धांचं, आणि मधे ते मोठं कडुलिंबाचं झाड, जे दोन्हीकडच्या पोरींना आपलं वाटायचं. तातेरावकाका रेल्वेत होते. औरंगाबादेहून येताना ते तुझ्यासाठी गोष्टींची पुस्तकं आणायचे. झाडाखाली तू मोठ्याने वाचायचीस आणि मी शिवायचे. ऐन रंगात आलं की तू मुद्दाम थांबायचीस आणि म्हणायचीस, आधी माझ्या बाहुल्याची बाही जोडून दे. अशी अडवून अडवून तू माझ्याकडून त्याचा सगळा पोशाख शिवून घेतलास. मला आजही कुणी वाचून दाखवलेलं ऐकायला आवडतं. स्वतः वाचायला बसले की तुझ्यासारखा आवाज काढता येत नाही.

लग्न बुद्धपौर्णिमेला धरायचं हे तुझंच डोकं. त्या दिवशी तुमच्याकडे खीर होतेच, म्हणजे तुझ्या आईला, गिरिजाकाकूंना, वेगळा त्रास नको. कडब्याच्या धाटांचा मांडव, चहाच्या पुड्यातल्या चांदीचं बाशिंग, कुंकवात घोळलेल्या ज्वारीच्या अक्षता. अंतरपाट म्हणून काकांचा पंचा धरला होता. मग आपलं भांडण झालं, लग्न कुणाच्या पद्धतीने लावायचं. शेवटी तू विहारात शिकलेली वंदना म्हटलीस, मी मंगलाष्टक म्हटलं, ज्यातलं मला फक्त शेवटचं सावधान येत होतं, आणि दोन्ही मिळून लग्न लागलं. नवराबायकोने काही तक्रार केली नाही. मी माझी बाहुली तुझ्या ओच्यात घातली आणि खरंच रडले. तू मला विहीणबाई म्हणालीस. तेव्हापासून आपण एकमेकींना तेच म्हणत आलो.

मग पंगत. हे तुला सांगायची गरज नाही, पण साक्षीला सांगायची होती. तुमच्या ओसरीवर सगळ्या पोरी मांडी घालून बसल्या होत्या. गिरिजाकाकूंनी शेवयांची गुळाची खीर वाढली आणि वरून दूध घातलं. मी पहिला घास हातात घेतला आणि आई दारात आली. मला दंडाला धरून उठवलं. मागोमाग आमच्या बाजूच्या सगळ्या पोरींना हाका गेल्या. काकू हातात पळी घेऊन उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लेकराला उपाशी उठवू नका, बाई." आईने मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, जा, तुझी बाहुली परत घिऊन ये. मी म्हटलं, "दिलेली लेक कुनी परत आणतं का?" त्यावर जी थोबाडीत बसली ती अजून आठवते. पण मी गेले नाही. माझी मूठ तेव्हाही मिटलेली होती. कोपरापर्यंत खीर ओघळली होती. गोठ्यामागे जाऊन मी ती चाटून खाल्ली. काकूंनी त्यात बडीशेप घातली होती. अशी खीर मी नंतर पुष्कळदा करून पाहिली, तशी कधी झाली नाही.

साक्षी सगळं ऐकत होती. तिने सुई खाली ठेवली आणि विचारलं, "मग आज्जी, ती बाकीची खीर कुणी खाल्ली?" एवढ्या वर्षांत मी तुला हे कधी विचारलंच नाही. आपण पुढे एका बाकावर शिकलो, माझ्या लग्नात तू माझ्या हातावर मेंदी काढलीस, तू शिक्षिका झालीस तेव्हा मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले, पण ती खीर कुठे गेली हे कधी बोललो नाही. मी मान वर केली तर आई खुर्चीत ताठ बसली होती. समोर अंगणात वाळत घातलेल्या गव्हावर कावळा उतरला होता आणि तिची काठी हलत नव्हती.

त्या दिवसापासून आईच्या लेखी आमचं काहीच चुकेनासं झालं. मीही विषय काढला नाही, कारण तिला ढकललं की ती उलट पाय रोवते, आणि हे माझ्यात कुठून आलं ते तुला माहीतच आहे. मग एकदा गहू निवडताना ती खाली पाहूनच म्हणाली, गिरिजा हाय का गं अजून. मी म्हटलं, आहे, परतूरला सुमेधाकडे असते, गुडघे दुखतात पण स्वतःचं स्वतः करते. तिने हूं केलं आणि सूप झटकलं.

मधल्या काळात आमच्या गावाकडून मोठे भाऊजी येऊन गेले. कल्याणचं त्यांच्या कानावर गेलं होतं. भावकी, मान, गावात तोंड कसं दाखवायचं, सगळं बोलून झालं. यांचं तुला माहीत आहे, भांडण म्हटलं की पेपर उघडतात. पण या वेळी मात्र पेपर बाजूला ठेवून ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी भाऊजींच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हटलं, "चहा घ्या भाऊजी. लगीन ठरलंय. तारखेचं तेवढं राह्यलंय." तेव्हा तू आधीच नाही म्हणून बसली होतीस. म्हणजे मी धादांत खोटं बोलले, आणि ते खरं करायची जबाबदारी आता तुझ्यावर आली. भाऊजी चहा अर्धा टाकून गेले. लग्नाला येणार नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटेल. पण त्यांच्यासाठी मी थांबणार नाही. साऱ्या भावकीची हमी मी तुला देऊ शकत नाही, सुमे. माझ्या उंबऱ्याच्या आतली देते. तिथे पायलला कुणी ताटावरून उठवायला आलं, तर आधी मला उठवावं लागेल. आणि आता मला उठवणं सोपं राहिलेलं नाही, माझं वजन तू पाहिलंच आहेस.

एक गोष्ट पायल बोलता बोलता सांगून गेली. आईच्या कपाटात साड्यांखाली एक चिंध्यांची बाहुली आहे, नाकात लाल मण्याची नथ आहे, आणि लहानपणी कितीही रडलं तरी आई तिला खेळायला द्यायची नाही. ती कुणाची, हे तिला ठाऊक नाही. मला ऐकता ऐकता पुढचं दिसेना. मी काहीतरी निमित्त काढून आत गेले. माझी लेक तू एवढी जपलीस आणि मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस.

आता पत्राचं कारण सांगते. काल दिवेलागणीला आई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "पुनवंला तिच्याकडं खीर आसती. मला घिऊन चल. अन् गिरिजाला म्हणावं, जरा मऊ शिजव, मला दात न्हाईत." माफी वगैरे शब्द तिला येत नाहीत, आणि मी ते तिला शिकवायला बसणार नाही. पण बुद्धपौर्णिमेला सकाळच्या गाडीने आम्ही दोघी परतूरला येतो आहोत. आमच्याकडे या असं मी म्हणत नाही, आम्हाला तुमच्या पंगतीला बसायचं आहे. वाढायचं की नाही हे काकूंनी ठरवायचं, तो त्यांचा हक्क आहे, त्यांना हे पत्र वाचून दाखव, तुझ्या त्या आवाजात. नको म्हणाल्या तर आम्ही तुमच्या दारात बसू आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ, आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा येऊ. पायलचा विषय मी त्या दिवशी काढणार नाही. कपाटातली बाहुली मात्र बाहेर काढून ठेव, तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तिला अजून नांदताना पाहिलेलं नाही. दिलेली लेक तुमच्या घरात कशी राहते ते मला कळलं. तुझी लेक मागायला यायचं तर आधी ते ताट पुरं केलं पाहिजे, सुमे, एवढ्यासाठी येते आहे. डब्यातल्या शेवया त्या खिरीसाठीच आहेत, आईने स्वतःच्या हाताने वाळवल्या आहेत. डबा मी तेव्हाच परत नेईन.

तुझीच,
निदान बाहुलीच्या बाजूने तरी विहीण,
सुरेखा