जांभ्याच्या दगडांवर उभी गाडी

कोल्हापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २००३

प्रिय मिलिंद,

उन्हाळ्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. डायरी रोज लिहिते, पण तुला उद्देशून लिहायचं म्हटलं की पेन थांबतं. कॉलेजच्या परीक्षा, पेपर तपासणं, स्वयंपाकघराची गळती ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. तुला सांगण्यासारखं काही चांगलं साठलं की लिहू, असं ठरवलं होतं. आज चांगलं काही नाही. आज तुझ्याशी भांडायचं आहे, आणि हे भांडण दुसऱ्या कुणाशी करता येत नाही.

सकाळी तुझी गाडी दगडावरून पडली. खाली कुणी नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं मला शांतपणे लिहिता येईल.

आपली प्रज्ञा आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेकॅनिकल. वर्गात मुली दोनच. दिवाळीच्या आधीपासून गाडीचा सायलेन्सर खडखडत होता. मी म्हटलं, गॅरेजला टाकू. तर म्हणाली, "क्लॅम्प सैल झालाय मम्मी, दोन नट आवळायचे. एवढ्यासाठी गॅरेज? पप्पांनी कधी नेली होती का?"

नव्हती नेली. तीच तर पंचाईत.

तुझे ते रविवार आठवतात? नाष्टा झाला की अंगणात तुझी तयारी सुरू. जॅकनं गाडीची पुढची बाजू उचलायची, दोन्हीकडे जांभ्याचा एकेक दगड खाली सरकवायचा, जॅक काढून घ्यायचा, की गाडीचं सगळं ओझं दगडांवर. मग तू पाठीवर सरकत आत जायचास आणि बाहेर फक्त तुझे पाय उरायचे. मी पायरीवर डायरी घेऊन बसायचे. लिहायचे काहीच नाही, तुझ्या पायांवर नजर ठेवायचे. थोडा वेळ हालचाल दिसली नाही की हाक मारायचे, "मिलिंद, पाय हलव." तू अंगठा हलवायचास आणि आतून म्हणायचास, "हाय अजून. चहा टाक."

मला भीती वाटते म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं. "आबांनी ह्याच दगडाचं घर बांधलंय. तीस वर्षं उभं हाय. त्याला माझी गाडी जड हुतीय व्हय?"

आजऱ्याकडच्या आपल्या गावी, आपल्या वस्तीतलं जांभ्याचं पहिलं घर माझ्या सासऱ्यांचं, आबांचं. धम्म घेतल्यावर कुडाच्या भिंती पाडून त्यांनी ते उभं केलं. आबा दिवसा लोकांच्या शेतावर राबायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या भिंतीचा एखादा थर चढवायचे, असं सासूबाई सांगायच्या. त्यातले उरलेले दगड तू टेम्पोत घालून कोल्हापूरला आणलेस, तेव्हा मी विचारलं होतं, "हे कशाला?" तू म्हणालास, "असूदेत. घरचे हाईत."

गाडीखाली जाताना तू तुझा जीव दगडांवर सोपवत नव्हतास. आबांवर सोपवत होतास. हे मला आज कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी तुला अडवलं असतं का? बहुतेक नसतं अडवलं. सासऱ्यांच्या घराला सुनेनं कच्चं कसं म्हणायचं?

आता सकाळचं सांगते. प्रज्ञानं बाकी सगळं नीट केलं होतं. फरशीची सपाट जागा निवडली, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. तू कधी लावले नव्हतेस. जॅकसुद्धा बरोबर खाचेत बसवला. मग मात्र घरामागून तुझे दोन दगड आणले, तू ठेवायचास तिथेच ठेवले आणि जॅक काढून घेतला. चटई अंथरली, ओढणी कमरेला बांधली. डोकं आत घालणार, तेवढ्यात मी म्हणाले, "थांब. जरा थांब."

"आता काय?"

"मला त्या दगडांचं काही खरं वाटत नाही."

"मम्मी, तुला गॅसच्या नॉबचंबी खरं वाटत नाही. झोपायच्या आधी किती वेळा बघतीस?"

कुंपणापलीकडून शेजारच्या शेवंताकाकींनी तोंड घातलंच. "आगं प्रज्ञे, आई म्हणतीया तर ऐक की. कोल्हापुरातली समदी गॅरेजं बंद पडल्यात व्हय?"

"काकी, तुम्हीबी तिच्याच पार्टीत?" प्रज्ञा उठली. हसत होती, पण चिडलीही होती. गाडीच्या बाजूला गेली. "बघा, दोघीबी नीट बघून घ्या. हलतीय का?" आणि तिनं दाराला कमरेनं धक्का दिला.

आवाज फारसा झाला नाही. कोरडा पडलेला रव्याचा लाडू दाबला की हातातच सुटतो, तसा डावीकडचा दगड मधोमध सुटला. गाडी त्या बाजूनं खाली आली आणि चाक फरशीवर आपटलं. चटईचा काठ चाकाखाली गेला. मी नंतर वाकून पाहिलं. जिथं तिची छाती असती, तिथं चार बोटांची जागा उरली होती.

शेवंताकाकी कुंपणाला वळसा घालून आल्या आणि प्रज्ञाचे दोन्ही हात धरून पायरीवर बसल्या.

दगडाचा तुकडा उचलून मी पाहिला. आत सगळी भोकं, त्यांत माती आणि मुंग्यांची अंडी. भिंतीत दगडावर सगळीकडून सारखा भार असतो. वर छप्पर असतं, चारी बाजूंनी दुसरे दगड धरून असतात. इथं तो एकटा, इतके पावसाळे उघड्यावर भिजलेला, आणि वरून गाडीची अरुंद पट्टी एकाच जागी दाबणारी. मी इतिहास शिकवते, पण एवढं मलाही कळतं. तुला कळत नव्हतं? की कळत होतं, आणि आबांच्या दगडावर शंका घ्यायची नव्हती?

खरा घोर पुढेच आहे. पाणी प्यायल्यावर प्रज्ञा काय म्हणाली ऐक. "मी उलटा लावला असेल. पप्पांचा दगड कधी फुटला नाही." आणि उठून घरामागे गेली, दुसरे दोन दगड बघायला. एक वाजवून बघितला, म्हणाली, "हा चांगला हाय."

मी म्हटलं, "आज नको."

"बरं. पुढच्या रविवारी." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "पप्पांचं चुकत होतं, असं म्हणायचंय का तुला?"

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "चहा घेतेस का?"

दुपारी ती मैत्रिणीकडे गेल्यावर मी उरलेले दगड लपवायला निघाले. एक कसाबसा न्हाणीच्या दारापर्यंत नेला आणि कंबर धरून उभी राहिले. काकींना दिसलेच.

"वैनी, दगुड घिऊन कुठं चाललासा?"

"लपवायला."

"कुणापासनं? पोरीपासनं, का त्येंच्यापासनं?"

मी दगड तिथंच ठेवून आत आले. तेव्हापासून हे पत्र मनात चाललं आहे.

तू गाडीखाली गेला नाहीस, तापानं दवाखान्यातच गेलास. म्हणून पोरीच्या लेखी तुझी पद्धत अजून शाबूत आहे. इतकी वर्षं ती गाडी तुझ्यावर पडली नाही, हे नशीब होतं, मिलिंद. तू त्याला खात्री समजलास. मी तुझी हिंमत समजले. आणि पोरगी ते शास्त्र समजून शिकली. आता ती प्रत्येक वेळी स्वतःचा हात चुकला म्हणेल आणि पुन्हा नीट दगड लावून आत जाईल. तिची चूक नाही हे तिला सांगायचं, तर तुझी होती हे सांगावं लागतं. दुसरी वाट मला सापडत नाही.

आणि सांगताना माझं मन साफ असेल का? की इतक्या रविवारांचं ते आपलं भांडण शेवटी मी जिंकले, याचं कुठेतरी बरं वाटेल? हेही स्वतःला विचारून पाहिलं. थोडं वाटेल. पण तू समोर नसताना जिंकण्यात काय आहे? तू रागावून बाहेर आला असतास, हात पुसत म्हणाला असतास, "बरं बाई, तुझं खरं," तर ते जिंकणं. आता तुझ्या पोरीच्या मनातला बाप एवढासा खाली उतरवायचा आहे, आणि तोही मीच. तिच्याकडे तुझं उरलंय किती? ही गाडी, पान्यांची पेटी आणि तुझ्यासारखं "हाय" म्हणणं.

गाडी विकून टाकावी, असंही मनात आलं. पण मग ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखाली जाईल, आणि तिथं पायरीवर मी नसेन.

म्हणून तुला शब्द देते. गाडी विकणार नाही. गाडीखाली जाऊ नको, असंही तिला म्हणणार नाही. पण शाहूपुरीत पार्ट्सच्या दुकानांतून गाडीच्या वजनाचे लोखंडी स्टँड मिळतात. ते येऊन सपाट जागेवर बसल्याशिवाय, गाडी हलवून बघितल्याशिवाय आणि स्टेपनीचं चाक बाजूनं आत सरकवून ठेवल्याशिवाय या घरातलं कुणी गाडीखाली जाणार नाही. आणि आबांच्या घराबद्दल तिच्या मनात काही येऊ देणार नाही. ते घर पक्कंच आहे.

रागावलास तर रागाव. मला चालेल.

तुझी,
सुनंदा

उद्या: कॉलेजला जायच्या आधी प्रज्ञाला सांगणे. दगड तू बरोबरच लावला होतास. पप्पांचं चुकत होतं.