ओहोटीतले अकरा प्राणी

८ जानेवारी

चाळीस जणांना खेळायला बसवलं. अडतीस जण पहिल्या वीस मिनिटांत उठले. अडतीस! कप्तान काचेपलीकडे उभा राहून नखं कुरतडत होता. मी त्याच्या शेजारी. सहा वर्षं दिली ‘ओहोटी’ या कॉम्प्युटर गेमला — त्याने कंपनी उभी केली, मावशींनी चित्रं काढली, मी संवाद लिहिले — आणि माणसं वीस मिनिटं बसेनात.

उठलेल्यांत एक नर्स होती. तिला विचारलं, काय खटकलं? बिचारी अगदी ओशाळून बोलत होती. “वाईट नाहीये हो. पण दोरी घ्यायला दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, तुझं हसू दे. दिलं. मग पुढे कुणाशी हसताच येईना! दिवसभर वॉर्डात मी हेच करत असते — काय चाललंय ते समजून घ्यायचं. घरी आल्यावर खेळात तरी मला सगळं आधीपासून कळलेलं हवं. किल्ला म्हणजे किल्ला, राक्षस म्हणजे राक्षस.”

तिला काय सांगणार?

घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “मी सहा वर्षं विचारतोय, त्यात तलवार आहे का.” एरवी हसले असते.

९ जानेवारी

मावशींना अडतीसचा आकडा सांगितला. कुंचला पुसता पुसता म्हणाल्या, “म्हणजे दोघं बसले की. दोघांसाठी करू.”

या बाईबद्दल इथे धड कधी लिहिलंच नाही. वय एकसष्ट. तीस वर्षं नाटकाचे पडदे रंगवले, मग आमच्याकडे आल्या. ऑफिसात सगळ्यांच्याच मावशी. अजून कागदावर रंगवतात, मग आमची पोरं ते मशीनवर चढवतात. समुद्र एक दिवस मागे सरकला आणि परत आलाच नाही, ही कल्पना त्यांची. तळाशी उलट्या पडलेल्या जहाजांत माणसं राहतात, हेही त्यांचंच. राजा नाही, लढाई नाही. मरत कुणी नाही, नुसतं पातळ होत जातं. इतकं पातळ की आजोबा खुर्चीत आहेत की नाहीत ते कळत नाही. म्हणून त्या जगात बसण्याआधी विचारायची पद्धत — “कुणी आहे का इथे?” हे वाक्य मात्र माझं. सहा वर्षांत मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य.

१५ जानेवारी

कप्तानने जिन्यात गाठलं. कॉलेजपासूनचा मित्र, पण आज माझ्याकडे न बघता कठड्याशी बोलत होता.

पैसे लावणाऱ्यांनी सांगून टाकलंय — हे जग चालणार नाही. खेळाचा सांगाडा तोच ठेवायचा, वरचं सगळं काढायचं. किल्ले, ड्रॅगन, राजकन्या, काळ्या झग्यातला दुष्ट. संवाद मी नव्याने लिहायचे. चित्रं बाहेरच्या माणसाकडून.

“आणि मावशी?”

“त्यांना नाही सांगायचं. या वयात मोडतील गं त्या. मेअखेर करार संपतोय. तोवर त्यांना काम देत राहा. प्राण्यांची टिपणं लिही, त्यांना काढू दे. मग मी सांगतो काय ते.”

“म्हणजे जे वापरायचंच नाही ते काढून घ्यायचं?”

“नाहीतर बंद करू कंपनी. अकरा घरं आहेत हिच्यावर.”

१६ जानेवारी

मी हो म्हणाले.

२ फेब्रुवारी

नऊ दिवसांत एक अख्खं राज्य लिहून झालं! ओहोटीतल्या एका दुकानदाराला मला दोन महिने लागले होते. इथे हात आपोआप चालतो. गाव जळतं, पोर अनाथ होतं, दाढीवाला म्हातारा येतो, म्हणतो, “फार वर्षांपूर्वी...” पुढचं वाक्य मला सुचावंच लागत नाही, ते आधीच येऊन बसलेलं असतं.

बाहेरच्या चित्रकाराचे किल्ले यायला लागलेत. हात सराईत. बुरूज, झेंडे, खाली धुकं — जे जिथे असायला हवं ते तिथे. एक खानावळ काढलीय, खिडकीत पिवळा उजेड. खोटं कशाला बोलू — त्या खानावळीत जाऊन बसावंसं वाटलं. ओहोटीत असं कधी वाटलं नाही. तिथे नेहमी पाय जपून टाकावा लागतो.

त्या नर्सचं म्हणणं थोडं थोडं कळतंय. ते कळायला नको होतं.

१० फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात मावशींना पहिलं टिपण दिलं होतं. चालतं दार. सहा पाय, अंगावर कडी. माफी मागितल्याशिवाय उघडत नाही, आणि माफी खोटी असेल तर चावतं. दहा मिनिटांत खरडलेलं, नुसतं वेळ काढायला.

मावशी वाचून इतक्या हसल्या! “कुणाची माफी मागायची पण?”

“ते दार ठरवतं.”

“अगं, मग घरी एक हवं होतं मला.”

चार दिवसांत चित्र आलं. ते दार लाजतंय! कडी खाली घालून उभं आहे, आत्ताच कुणी ओरडल्यासारखं. मी बराच वेळ बघत राहिले. मग फायलीत टाकलं. ती फाईल कुणी उघडणार नाहीये.

२७ फेब्रुवारी

पाच प्राणी झाले. अडचण अशी की मावशी भराभर काढतात आणि मे अजून लांब आहे. कप्तान म्हणाला, “दुरुस्त्या सांग ना.”

म्हणून सांगितल्या. उडता उडता जड होत जाणारा पक्षी — त्याची मान बारीक करा म्हटलं. केली. मग पिसं मोजता यायला हवीत म्हटलं. एकेक पीस काढलं. मग म्हटलं, आधीचीच मान बरी होती.

तीनदा. पक्षी पहिल्यापासून उत्तम होता.

मावशींनी सगळं करून दिलं. फक्त चष्मा काढून डोळा चोळला. “पाणी येतंय जरा,” म्हणाल्या.

११ मार्च

विचित्रच झालंय. ही खोटी टिपणं मी खऱ्या कामापेक्षा मन लावून लिहितेय. खेळात बसवायचं नाही, कुणाला समजावायचं नाही, चाळीस माणसं नाहीत. एकच वाचक — मावशी. काल ऐकून ऐकून फुगणाऱ्या भिंतीचं लिहिलं. घरात जितकं भांडण होईल तितकी खोली लहान. शेवटी घरातले सगळे गप्प उभे, भिंतीला नाक टेकून. मावशींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “ही माझ्या ओळखीची आहे.”

दुपारी किल्ल्याकडे वळले. राजकन्येला तेवीस वाक्यं हवी होती. जेवणाआधी झाली.

२४ मार्च

आठवा प्राणी. टिपणात सहा पाय होते, चित्रात पाच.

“मावशी, एक पाय राहिला.”

त्यांनी कागद नाकाशी नेला. म्हणाल्या, “गेला असेल कुठे. येईल.”

मी केवढ्याने हसले! सगळ्यांना सांगितलं. तसाच राहू दे म्हटलं.

३ एप्रिल

मावशी आल्या नाहीत. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन. दोघी एकत्र राहतात, धाकटीने लग्न केलं नाही, मावशींचे यजमान लवकर गेले. फोनवर आवाज अगदी सरळ, यादी वाचल्यासारखा. डाव्या डोळ्यात आत रक्त उतरलंय. साखरेमुळे. डॉक्टरांनी डिसेंबरातच बजावलं होतं — डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, बारीक काम एकदम बंद, नाहीतर डोळे जातील.

“डिसेंबरात?”

“हो. तिला म्हटलं मी, सोड. तर म्हणे, मेपर्यंत जाऊ दे. तिथे एक जण वाट बघते माझ्या चित्रांची.”

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

४ एप्रिल

रुग्णालय. एक डोळा बांधलेला. मला पावलांवरून ओळखलं. सांगायचं ठरवूनच गेले होते — मावशी, ओहोटी जानेवारीतच संपली, तुम्ही काढलंत त्यातलं काही कुठे जाणार नाही, पक्ष्याची मान आधीच चांगली होती.

त्या म्हणाल्या, “अकरावं टिपण आणलंस का? नववं आणि दहावं झालंय, बहिणीकडे आहे. तू वाच, मी ऐकते.”

“मावशी, आता पुरे.”

“वाच म्हणते ना.”

पर्समध्ये होतं. वाचलं.

जिन्यात कप्तानला फोन केला. “सांगून टाकू या.” तो म्हणाला, “आत्ता? आत्ता सांगून काय देणार तू त्यांना?” मी ऐकून घेतलं. खरं तर तो असंच काही म्हणेल म्हणूनच फोन केला होता.

१९ एप्रिल

किल्ल्याची चाचणी. चाळीसपैकी छत्तीस शेवटपर्यंत बसले. ती नर्स पुन्हा आली होती. वेळ संपली तरी उठेना. खानावळीत जाऊन नुसती बसून राहिली होती, काही न करता. म्हणाली, “इथे मी आधी येऊन गेल्यासारखं वाटतं.”

ऑफिसात टाळ्या. कप्तानने मला मिठी मारली. आणि मला आनंद झाला. लिहून ठेवते — आनंद झाला. पाव मिनिट असेल. त्या पाव मिनिटात मावशी आठवल्या नाहीत.

२ मे

उजवा डोळाही. आता उजेड आणि अंधार एवढंच.

नवरा म्हणाला, “साखर तुझी नव्हती. रोग तुझा नव्हता.” बरोबर आहे. पण पक्ष्याच्या त्या तीन दुरुस्त्या माझ्या होत्या.

६ मे

बहीण स्वतः ऑफिसात आल्या. हातात गुंडाळी. अकरावा प्राणी.

“उजवा डोळा जायच्या आधीच्या आठवड्यात काढला. गाल कागदाला टेकवून. मला रंगांची नावं विचारायची. पिवळा कुठला, हा का? मी बाटल्या हातात द्यायचे.”

मला सांगायचं होतं, बसा, चहा घ्या. तोंडून निघालं, “कुणी आहे का घरी त्यांच्याजवळ?” त्या म्हणाल्या, “शेजारीण,” आणि गेल्या. माझ्याशी चांगल्याच वागल्या. म्हणजे त्यांना काही ठाऊक नाही.

गुंडाळी उघडली नाही. कपाटात ठेवली. कप्तानने बघितलं. हल्ली तो माझ्या टेबलाजवळून जाताना मोबाइल कानाला लावतो.

१० मे

उघडली. रंग एकमेकांवर गेलेत, कडा सापडत नाहीत. कुठून बघायचं तेच कळत नाही. दहा मिनिटांनी प्राणी दिसला. एकदा दिसल्यावर मग दिसेनासा होईना.

ओहोटीतलं हेच सगळ्यात खरं. आणि हे बघणारी मी एकटी.

उद्या-परवा जाते. काय व्हायचं ते होऊ दे, सांगते.

१४ मे

गेले. मावशी खिडकीशी बसलेल्या. पाठ केलेलं तोंडात आलं होतं — “मावशी, मला काहीतरी सांगायचंय.” तर त्यांनीच माझा हात धरला. “आधी मला सांगू दे. रागावशील तू. अगं, ओहोटी जानेवारीतच गेली. त्या जागी आलेले किल्ले, ती खानावळ मीच काढत होते, घरी नेऊन. शब्द बाहेरचं कुणी लिहितंय म्हणाला कप्तान. तुला कळू द्यायचं नाही म्हणाला, मोडेल ती. मलाही वाटलं, मोडशील. टिपणांतून दिसायचा ना तुझा जीव. म्हणून त्यातल्या एकालाही नाही म्हटलं नाही.” ओहोटी गेली म्हटल्यावर माझा हात दचकला नाही, ते त्यांच्या हाताला कळलं असावं. चेहरा माझ्याकडे, नजर भिंतीवर. “तुला कधी कळलं गं?”

“आत्ताच,” म्हटलं मी.