माशीबाईंचा ठिपका

प्रिय बुटके,

सप्रेम नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, घरात बोलणारे तेवढेच. यजमानांना नमस्कार सांग (ते मला घाबरतात, तरीही सांग).

पत्रास कारण, आपल्या प्रयोगशाळेत एक संशोधक पोरगी आली आहे. विज्ञानातले बदल एकटा माणूस घडवत नाही, समूह घडवतो, आणि त्या समूहात नेमकं कोण हे तिला पुस्तकासाठी ठरवायचं आहे. विचार पटला. पद्धत ऐकून कपाळाला हात लावला. फळमाशांवरच्या त्या शोधाच्या काळात कामाबद्दल कोणाशी बोलत होतात, तेवढं प्रत्येकाने कागदावर लिहायचं. तिघांनी ज्याचं नाव लिहिलं तो समूहात, बाकीचे बाहेर! वाकड्या पंखांच्या माशांची बाटली मोठे सर 'फेका' म्हणाले, मी फेकली नाही, एकोणीस पिढ्या जगवली. ती नसती तर शोध कसला लावला असता, डोंबलाचा? पण बोलण्याचं म्हणशील, तर माझ्या खोलीवर 'येथे बोलू नये' ही पाटी मीच लावलेली (लोकांनी तीस वर्षं पाळली).

काल पोरीने नकाशा दाखवला. मोठ्या वर्तुळात तिन्ही सर, त्यांचे शिष्य आणि चहावाला (त्याला सात जणांनी लिहिलंय). कोपऱ्यात एकटा ठिपका.

"ह्या तुम्ही, आजी."

"आजी असशील तू!" मी म्हटलं.

माझं नाव एकट्या चहावाल्याने लिहिलं. बाई दारातच चहा घेत आणि रोज 'साखर कमी' म्हणत, हे त्याने कामाचं बोलणं धरलं.

तुझी,
(मागून सगळे म्हणत तीच) माशीबाई

ता.क. नोकरी सोडून गेलेल्यांचेही कागद ती घेते. कोरा जोडला आहे. दोन वर्षं तू माझ्या खोलीत बाटल्या धुतल्यास आणि पाटीखाली उभी राहून अखंड बडबडलीस. खरं तेच लिही, पण माझं नाव येईल असं खरं लिही.

दुसरा ता.क. तुझं धरून दोनच होतात, हे मला कळतं. तिसरं कोणी सुचत नाही.

तिसरा ता.क. माझ्या कागदावर मी तिन्ही सरांची नावं लिहिली, तुझं राहिलं. आज कागद परत मागायला गेले, तर दिलेला बदलता येत नाही म्हणाली. तेव्हा रागाने माझं नाव गाळलंस तरी चालेल. उत्तर मात्र धाड, आणि लांबलचक धाड.